तापती बंडी: एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर

हीटरच्या प्लगला युनिट मोजणारा छोटा मीटर लावला. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त आकडे लिहून ठेवायचे. अभ्यासाची खोली, १५०० वॉटचा तेलाचा हीटर, थर्मोस्टॅट २१ अंशांवर, रोज दहा तास.

या खोलीत मी एकटीच बसते. दहा तास एकाच खुर्चीत, एकाच टेबलाशी. पण हीटर तापवतो ती तीस घनमीटर हवा, चार भिंती, छत, फरशी, पुस्तकांचं कपाट. तापवायचं असतं साठ किलोचं एक शरीर. गेली दोन वर्षं हा हिशेब मनात सलतोय, या हिवाळ्यात तो मोजून बघायचा ठरवलं आहे.

बेत असा: विजेवर तापणारी बंडी स्वतः शिवायची, ती घालून बसायचं आणि थर्मोस्टॅट जमेल तितका खाली आणायचा. शिवण मला येते, सर्किटही जमतं. तयार बंडी विकत मिळते, पण तिच्या आत तारा कुठून कशा फिरवल्यात ते दिसत नाही, आणि दहा तास अंगाला लागून राहणारी वस्तू मला आतून माहीत असायला हवी.

१३ नोव्हेंबर

आठवड्याची सरासरी दिवसाला ६.१ युनिट. बाहेर साधारण ६ अंश, आत २१. म्हणजे फरक १५ अंशांचा.

दहा तासांत ६.१ युनिट म्हणजे हीटर सरासरी ६१० वॉट देतोय. पण खोलीत उष्णता देणारा तो एकटा नाही. शांत बसलेला माणूस स्वतः सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो, कॉम्प्युटर आणि दिव्याचे आणखी ४०. सगळं मिळून ७५० वॉट, भागिले १५ अंश: आत-बाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे खोली ५० वॉट गमावते.

हा ५० चा आकडा हाती आल्यावर पुढचं सोपं आहे. थर्मोस्टॅट एक अंश खाली आणला की दहा तासांत अर्धा युनिट वाचायला हवा. आणि यात एक गोष्ट लपलेली आहे. माझे आणि कॉम्प्युटरचे १४० वॉट फुकटचे आहेत, ते कमी होत नाहीत. जी कपात होते ती पूर्ण हीटरच्या वाट्यातून होते. चार अंश खाली आलं तर खोलीची गळती २७ टक्क्यांनी घटते, पण हीटरचा खर्च त्याहून जास्त, जवळपास ३३ टक्क्यांनी घटायला हवा. आडाखा लिहून ठेवतेय, मीटर काय म्हणतो ते नंतर बघू.

१५ नोव्हेंबर

तारांना हात लावण्याआधी साध्या कपड्यांचा हिशेब. कपड्यांची ऊब मोजायला 'क्लो' नावाचं एकक आहे, १९४१ सालचं. २१ अंशांच्या खोलीत, हवा जवळपास स्थिर असताना, शांत बसलेल्या माणसाला जेवढ्या कपड्यांत बरं वाटतं ते १ क्लो. आकड्यांत ०.१५५ चौरस मीटर केल्विन प्रति वॉट. पूर्ण सूट घातला की साधारण तेवढं भरतं.

बसून काम करणाऱ्याला ०.१ क्लो वाढवल्यावर खोली साधारण ०.६ अंश थंड चालते. मी आत्तापर्यंत घरात शर्ट, पँट आणि पातळ स्वेटर घालून बसत होते, अंदाजे १ क्लो. आतून थर्मल, वरून जाड स्वेटर, लोकरीचे मोजे, अशी तयारी केली की दीड क्लोपर्यंत पोचते. म्हणजे तीन अंश एकही वॉट न खर्चता मिळाले. बंडीचं काम यानंतर सुरू होतं. जाड कपडे न घालता तापती बंडी चढवणं म्हणजे खिडकी उघडी टाकून हीटर लावणं, माझं मत तरी असं आहे.

१९ नोव्हेंबर

सामान आलं. कार्बन फायबरची तापणारी तार, वर सिलिकॉनचं आवरण, रोध (विजेला होणारा अडथळा) दर मीटर लांबीला ३३ ओहम. १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्टचा डिमर, म्हणजे ऊब कमी-जास्त करायची सोय. दोन छोटे द्विधातू कटआउट, म्हणजे ४५ अंशांपर्यंत तापले की प्रवाह आपोआप तोडणारे स्विच. २ अँपिअरचा फ्यूज.

घरातली २३० व्होल्टची वीज अंगावरच्या कपड्यात आणायची नाही, हा नियम पहिल्याच पानावर लिहिला. घाम येतो, तार घासते, शिवण उसवते. १२ व्होल्टवर यातली प्रत्येक चूक जीव राखून सुधारता येते.

तारेची लांबी ठरवणं हा खरा प्रश्न होता. वॉट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. एक मीटर तारेला १२ व्होल्ट दिले तर ४.४ वॉट. सलग चार मीटर तार लावली तर रोध चौपट होतो आणि जेमतेम १.१ वॉट निघतो, त्यानं काहीच होणार नाही. म्हणून एक-एक मीटरचे चार वेटोळे, चारही समांतर. एकूण रोध ८.२५ ओहम, प्रवाह १.४५ अँपिअर, ताकद १७.५ वॉट.

समांतर जोडणीचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बर विमानांतल्या सैनिकांना विजेवर तापणारे सूट देत असत. सुरुवातीच्या अमेरिकन सूटमध्ये हातमोजे, बूट, अंगरखा सगळं एकामागोमाग एका सरीत जोडलेलं होतं. एका हातमोज्यातली तार तुटली की अख्खा सूट थंड. नंतरच्या सूटमध्ये ते समांतर केलं. माझ्या टेबलापाशी हिमदंश होणार नाही, पण धडा तोच आहे.

२२ नोव्हेंबर

शिवण. जुनी सुती बंडी आतून, तिच्यावर तारा, तारांवर पातळ सुती अस्तर. वेटोळी दोन पाठीवर, दोन पुढे पोटाच्या वरच्या भागात. तार थेट शिवली नाही. सुती पट्टीच्या नळ्या केल्या, त्या धावदोऱ्यानं बंडीवर बसवल्या आणि तार त्यांतून ओवली, म्हणजे धुताना ओढून काढता येईल. दोन ओळींमध्ये चार सेंटिमीटर अंतर. कुठेही तार तारेवरून जाऊ द्यायची नाही, वळणही तीन सेंटिमीटरपेक्षा घट्ट नको.

खांद्यावरून तार नेण्याचा मोह झाला होता. नेली नाही. खांदा दिवसभर वाकतो-उघडतो, कार्बनचे धागे तिथे आधी तुटतील.

२३ नोव्हेंबर

पूर्ण दिवस जोडण्यांवर गेला. कार्बनला सोल्डर धरत नाही. थेंब बनतो आणि घरंगळून जातो. शेवटी तारेची टोकं सोलली, कार्बनचा झुबका तांब्याच्या बारीक धाग्यांबरोबर पिळला, त्यावर तांब्याची नळी चढवून पक्कड मारून दाबली, वरून उष्णतेनं आकसणारी नळी. आठ टोकं, आठ वेळा तेच. प्रत्येक जोड ओढून पाहिला, मग मीटरवर मोजला: ३३, ३३, ३४, ३३.

सैल जोड हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. तारेची उष्णता मीटरभर पसरते, वाईट जोडाची एका ठिपक्यात साचते. चाचणी अंगावर न घेता लाकडी फळीवर घेतली: बंडी पसरून वर जाड टॉवेल टाकला, एक तास चालू ठेवली आणि प्रत्येक जोडाला तापमानाचा प्रोब लावला. जोड तारेपेक्षा थंड निघाले. तेव्हा कुठे मन निवांत झालं.

२६ नोव्हेंबर

पहिल्यांदा अंगात घातली. अडॅप्टरवर छान. दहाव्या मिनिटाला पाठीत ऊब उतरली.

मग पॉवर बँकवर लावली, स्वयंपाकघरापर्यंत जाता यावं म्हणून. ऊब जाणवेना. पॉवर बँक आणि बंडीमध्ये १२ व्होल्ट मागणारी छोटी ट्रिगर पट्टी आहे. व्होल्टमीटर लावला तर ९ दिसले. कारण शोधून काढलं: यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबीवरून जास्त व्होल्टेज मागायची पद्धत, तिच्या नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत. १२ ची पायरी ऐच्छिक आहे, माझ्या पॉवर बँकेत ती नाही, आणि ट्रिगर मुकाट्यानं खालच्या पायरीवर उतरला. व्होल्टेज पाऊणपट झालं की ताकद ५६ टक्केच उरते, म्हणजे १७.५ च्या जागी ९.८ वॉट.

१५ व्होल्टचा ट्रिगर लावला तर उलटं, २७ वॉट निघतील. डिमरनं खाली आणता येईल, पण डिमर चुकून पूर्ण उघडला गेला तर? नको. नऊवर राहू दे. पॉवर बँक फक्त ऊठबस करण्यापुरती, बसल्यावर अडॅप्टर.

आणखी एक बारकावा: डिमर अगदी कमी केला की पॉवर बँक समजते की काही जोडलेलंच नाही, आणि बंद पडते. मध्याच्या खाली न्यायचा नाही.

२८ नोव्हेंबर

तापती वस्तू कुठल्या थरात असावी याची चाचणी. खोली १८ अंश. आधी बंडी सगळ्यात बाहेर, स्वेटरच्या वरून. बंडीच्या बाहेरच्या बाजूचं तापमान २७. मग तीच बंडी थर्मलवर आणि स्वेटर तिच्यावरून. आता स्वेटरची बाहेरची बाजू २१. वीज तेवढीच, पण आता ती अंगाकडे वळते आहे.

हिशेबही तेच सांगतो. तारेतून निघालेल्या उष्णतेला दोन वाटा असतात, आत शरीराकडे आणि बाहेर हवेकडे. जिकडे अडथळा कमी तिकडे जास्त जाते. तारेच्या आत फक्त पातळ थर्मल आणि बाहेर जाड स्वेटर असेल तर पाचातले चार भाग शरीराच्या कामी येतात. १७.५ वॉटमधले १४ धरले तर कागदावर बंडीची किंमत पावणेतीन अंश होते. जाड कपड्यांचे तीन आणि बंडीचे पावणेतीन: २१ वरून थेट सव्वापंधरा.

कागदावर.

१ डिसेंबर

थर्मोस्टॅट १७ वर. धड उबदार, पाठ उबदार, मनही बरं. पण दुपारी तीनला लक्षात आलं की पाय बधिर झाले आहेत. पायाच्या अंगठ्याला प्रोब लावला: २१ अंश. लोकरीचे मोजे असूनही.

पायाच्या बोटांत स्वतःची उष्णता तयार करणारे स्नायू जवळजवळ नसतात. तिथली ऊब रक्त घेऊन येतं, आणि शरीराला एकूण उष्णता कमी पडतेय असं वाटलं की ते सर्वांत आधी हातापायांच्या कातडीचा पुरवठा आवळतं. धड तापवलं की हा आवळ सुटतो हे खरं, माझी बोटं कीबोर्डवर आधीपेक्षा बरी चालतात. पायांपर्यंत मात्र ते पुरत नाही, कारण खाली फरशी आहे आणि थंड हवा खालीच साचते. टेबलाच्या उंचीवर १७ अंश असताना घोट्यापाशी १४.५ मोजले.

अंगभराची सरासरी चांगली आली म्हणून माणूस सुखी होत नाही. सर्वांत जास्त जे गारठलंय तेच दिवसभर बोलत राहतं.

४ डिसेंबर

पायपेटी. जाड पुठ्ठ्याचं खोकं, एक बाजू उघडी, आतून सगळीकडे फोमची चटई, तळाला दुहेरी. उघड्या बाजूला जुन्या ब्लँकेटचा पडदा. आत, वरच्या बाजूला, १२ व्होल्टचं १२ वॉटचं पॅड, पायांना टेकणार नाही असं.

अर्ध्या तासात पेटीतली हवा २६ अंशांवर गेली. तासाभरात अंगठा २९. बारा वॉट! खोलीच्या हीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. या प्रकल्पात आत्तापर्यंत जे जे केलं त्यात सर्वांत जास्त गुण या खोक्याला. शिवण नाही, अंगावर तार नाही, धुवायची कटकट नाही. कुणी मला विचारलं की एकच गोष्ट करायची असेल तर काय करू, तर मी बंडीच्या आधी पायपेटी सांगेन.

९ डिसेंबर

आज धोका झाला असता. संध्याकाळी पाठीत एका जागी टोचल्यासारखं वाटलं. बंडी काढून त्याच जागी प्रोब ठेवला, परत खुर्चीला टेकून बसले आणि डिमर पूर्ण उघडला. वीस मिनिटांत ५१ अंश.

कारण तारेत नव्हतं. खुर्चीत होतं. खुर्चीची पाठ फोमची आहे. मी टेकले की तारेच्या बाहेरचा अडथळा एकदम वाढतो आणि उष्णता जाईल कुठे, तर माझ्या पाठीत. शिवाय टेकल्यामुळे थर दबतात, आतला अडथळा कमी होतो. मोकळ्या हवेत सुरक्षित असलेली तीच तार टेकल्यावर सुरक्षित राहत नाही. फळीवरच्या चाचणीत टॉवेल होता, पण वर माझं वजन नव्हतं.

मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली भाजण्यावर केलेले प्रयोग या बाबतीत आजही आधार मानले जातात. ४४ अंशांची वस्तू कातडीला सहा तास लागून राहिली तरी भाजतं. त्याच्या वर प्रत्येक अंशाला वेळ साधारण निम्मा होत जातो. चटका बसत नाही म्हणून आपण उठत नाही, आणि तिथेच फसतो. भाजलं नाही तरी रोज रोज मंद उष्णता एकाच जागी लागली की कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उठतात. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांनाही ते होतात.

दुरुस्ती: दोन्ही कटआउट पुढच्या बाजूला शिवले होते, ते पाठीवर हलवले, खुर्ची जिथे सर्वांत जास्त दाबते तिथे. कटआउट जिथे आहे तिथलंच तापमान त्याला कळतं, हे मला आधीच सुचायला हवं होतं. पाठीच्या दोन वेटोळ्यांपैकी एक वर सरकवलं, खांद्याच्या पात्यांच्या मधल्या भागात, जिथे खुर्ची टेकत नाही. आणि डिमरच्या बटणावर लाल रंगाची खूण, तिच्या पुढे जायचं नाही. पुन्हा तीच चाचणी: सर्वांत गरम जागा ३९.

बंडी घालून झोपायचं नाही, हेही पहिल्या पानावर लिहिलं.

१४ डिसेंबर

दोनदा वायर प्लगला तशीच ठेवून उठले. पहिल्यांदा अडॅप्टर खाली पडला, दुसऱ्यांदा शिवण थोडी उसवली. चुंबकानं चिकटणारा जोड बसवला. उठलं की आपोआप सुटतो. काम पाच मिनिटांचं.

नवऱ्याला बंडी नको आहे. तो दर पंधरा मिनिटांनी उठतो, बोलत बोलत खोलीभर फिरतो. त्याच्यासाठी बसायच्या गादीत पॅड टाकलं, १५ वॉट, वर जाड अस्तर, आणि मांडीवर घ्यायला ब्लँकेट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या 'सेंटर फॉर द बिल्ट एन्व्हायर्नमेंट' या केंद्रात अशा तापणाऱ्या खुर्च्यांवर बरंच काम झालं आहे, आणि तिथेही वीज अशीच दहा-वीस वॉटच्या घरात होती. बसणाऱ्याचं वजनच इथे मदतीला येतं, पॅड आणि अंग यांच्यात हवा उरत नाही. ९ तारखेला जी गोष्ट धोक्याची ठरली तीच इथे उपयोगाची आहे. कटआउट मात्र आहेच, ४० अंशांचा.

२१ डिसेंबर

पूर्ण आठवडा १७ अंशांवर. मीटर: दिवसाला ४.२ युनिट, बाहेर सरासरी पुन्हा ६ च्या आसपास. आडाखा ४.१ चा होता. इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

बंडी दिवसातून निम्म्याहून थोडा जास्त वेळ चालू असते, पायपेटी सतत. दोन्ही मिळून दिवसाला ०.२२ युनिट. वाचले १.९, खर्चले ०.२२. आणि जे खर्चले तेही वाया जात नाहीत, अंगावरून शेवटी खोलीतच येतात.

माझा हीटर साधा आहे, विजेचा एक युनिट घेतो आणि उष्णतेचा एकच युनिट देतो. उष्मापंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं यंत्र, असता तर तोच एक युनिट तीन युनिट उष्णता देऊ शकतो, मग वाचलेल्या १.९ ची वीज ०.६३ च भरली असती. तरीही ०.२२ पेक्षा जवळपास तिप्पट. फायदा आक्रसतो, पण फायद्याचा तोटा होत नाही.

२९ डिसेंबर

१६ अंश. करून बघितलं. बंडी, पायपेटी, अर्धे हातमोजे, मानेला मफलर. बसल्या जागी चालतं. पण उठावंसं वाटत नाही. पाणी प्यायला जायचं टाळते, फाइल काढायला जायचं टाळते, कारण पेटीबाहेर पाय ठेवला की अंगावर काटा येतो. दहा तास न हलता बसणं ही काही बचत नव्हे. नाकाचा शेंडा गार पडतो, त्याला काही घालता येत नाही.

आणि श्वासातली हवा १६ अंशांचीच राहते. बंडी कितीही चांगली असली तरी छातीत जाणारी हवा ती तापवत नाही.

६ जानेवारी

कपाट सरकवलं तर मागच्या कोपऱ्यात भिंतीवर काळे ठिपके. बुरशी. हाताएवढा पट्टा.

खूप वाईट वाटलं. हिशेब आधी करायला हवा होता, आता करून ठेवते. २१ अंशांच्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे जास्तीत जास्त १८.३ ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता ५० टक्के म्हणजे साधारण ९.२ ग्रॅम. तीच हवा १६ अंशांवर आणली की जागा १३.६ ग्रॅमचीच उरते, आणि तेच ९.२ ग्रॅम आता ६७ टक्के होतात. बाहेरच्या भिंतीचा कोपरा, त्यात कपाटामागे हवा खेळत नाही, तिथे प्रोबवर १२ अंश आहेत. १२ अंशांना तीच आर्द्रता ८६ टक्के. भिंतीलगत ८० च्या वर बराच काळ राहिलं की बुरशी धरते. त्यातून मी याच खोलीत ओले कपडे वाळत घालत होते.

शरीराची सोय बंडीनं झाली, पण भिंत बंडी घालत नाही. घराची स्वतःची एक गरज असते आणि मी ती मोजलीच नव्हती.

केलं ते असं: भिंत साफ करून कोरडी केली, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, कपडे वाळवणं या खोलीतून बंद, दिवसातून दोनदा दहा मिनिटं खिडक्या सताड उघड्या. बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की कोरडी होते, त्यामुळे दहा मिनिटांत आर्द्रता पंधरा टक्के खाली येते. भिंती तेवढ्यात गार पडत नाहीत. आणि थर्मोस्टॅट १८ वर.

११ जानेवारी

सासूबाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. "इथे गारठा आहे गं. तुला त्या बंडीत कळत नाही," म्हणाल्या. खरं आहे. मला कळतच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली घर आणि आरोग्य यांवरच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातलं किमान तापमान १८ अंश असावं असं म्हटलं आहे, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, जुनी दुखणी असलेल्यांना त्याहून जास्त लागू शकतं असंही. गारठ्यात कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. वय झालेल्या हृदयाला तो भार सोसत नाही. सासूबाईंच्या खोलीचा थर्मोस्टॅट पूर्वीही २१ वर होता आणि पुढेही तिथेच राहील. या प्रकल्पातला एकही युनिट त्यांच्या खोलीतून वाचवायचा नाही.

"मग मला पण शिव की एक," असंही त्या म्हणाल्या. इथे मी थांबले. त्यांना मधुमेह आहे, पावलांची जाणीव कमी झाली आहे. त्यांना तापते मोजे किंवा पायपेटी देणार नाही. पाय पोळताहेत हे त्यांना कळणारच नाही. ९ डिसेंबरला मला पाठीत टोचलं म्हणून मी बंडी काढली. ज्याला टोचत नाही त्याच्याकडे कटआउटशिवाय दुसरा राखणदार नसतो. त्यांच्यासाठी लोकरीचे दुहेरी मोजे, जाड तळाच्या सपाता आणि गुडघ्यांवर दुलई. त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. पटलं त्यांना. "तुझी ती पेटी मला आवडली होती," एवढंच म्हणाल्या.

२५ जानेवारी

१८ अंशांवर दोन आठवडे. मीटर दिवसाला ४.६, बाहेर ६ अंश धरून दुरुस्त केलेला आकडा. आर्द्रता ५५ च्या आसपास, कोपरा कोरडा. बंडी आता डिमरच्या मध्यावर ठेवली तरी पुरते, कधी कधी तासन्‌तास बंदच असते. पायपेटी मात्र रोज लागते.

२१ च्या तुलनेत दीड युनिट वाचतात, बंडी आणि पेटीचे वजा करून १.३ च्या थोडं वर. १६ अंशांवर यापेक्षा एक युनिट आणखी वाचला असता, आणि भिंत गेली असती.

एक गोष्ट मीटरवर दिसत नाही. सकाळी खोली थंड असते तेव्हा पूर्वी मी अर्धा तास आधी हीटर लावून ठेवत असे. आता बंडी घालून थेट बसते आणि हीटर माझ्यासोबतच चालू होतो. बंडी दहा मिनिटांत तापते, खोलीला तासभर लागतो. तो तासभर बंडी सांभाळून घेते. मला वाटतं तिचं खरं काम हेच आहे.

८ फेब्रुवारी

बंडी दुसऱ्यांदा धुतली. तारा ओढून काढल्या, कोमट पाण्यात हातानं, सावलीत वाळवली. तारा परत ओवायला चाळीस मिनिटं लागतात. पुढच्या बंडीत नळ्यांच्या जागी एका बाजूनं उघडणारी पट्टी आणि तिला चिकटपट्टी.

मुलानं विचारलं की शाळेत नेऊ का. नाही. घरात, टेबलाशी, मोठ्यांच्या नजरेसमोर.

२ मार्च

बाहेर १३ अंश. आठवडाभर हीटर लागला नाही, पायपेटीही दोनदाच. हंगाम संपला. तारा काढून, पुसून, एकेक मोजल्या: ३३, ३३, ३४, ४१.

चौथी तार पाठीच्या खालच्या बाजूची, खुर्चीत बसताना वाकणारी. आतले काही धागे तुटले असणार. एकूण वॉट कमी झाले म्हणून ती निर्धोक आहे असं नाही. प्रवाह संपूर्ण तारेत तेवढाच असतो, पण तुटक्या जागी तो उरलेल्या थोड्या धाग्यांतून जातो आणि सगळी वाढीव उष्णता त्या इंचभरातच निघते. बोटांनी तार चाचपत गेले, एका टोकापासून वीतभर अंतरावर ती जरा मऊ लागली. चालू करून प्रोब ठेवला: बाकी तार ३६ अंश, तिथे ४८.

कापून टाकली. नवीन मीटरभर तार मोजून ठेवली आहे, ती खालून न नेता बगलेच्या बाजूनं फिरवायची. खडूनं बंडीवर रेघ मारली आणि घडी करून कपाटात ठेवली, भिंतीपासून हातभर पुढे ओढलेल्या त्याच कपाटात.